वीतभर अंतर

मागच्या अंकात मी वाचकांना एवढंच विचारलं होतं, की घरी रेकॉर्डिंग करताना माइकने तुम्हाला कुठे दगा दिला ते कळवा. पत्रं गठ्ठ्याने आली. त्यातल्या निम्म्या पत्रांचं शेवटचं वाक्य एकच होतं : “तर ताई, आता कोणता माइक घेऊ?” ते वाक्य खोडून मी वरचं पत्र पुन्हा वाचायचे, आणि दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडायचं. माइक कुठे ठेवला होता, तोंड कुठे होतं, पाठीमागे काय होतं. म्हणून या वेळी खरेदीचा सल्ला मिळणार नाही. राग आला तर पुढच्या पानावरचं शब्दकोडं सोडवा.

आणखी एक. मी अंतर वितीत मोजते. अंगठा आणि करंगळी ताणली की होते ती वीत, साधारण वीस-बावीस सेंटिमीटर. मोजपट्टी ऐन वेळी सापडत नाही, हात सापडतो.

प्रश्न : मी घरातल्या एका खोलीत पॉडकास्ट रेकॉर्ड करतो. चांगला कंडेन्सर माइक घेतलाय. माइकच्या मागे अर्धगोल फोमची ढाल लावली आहे, समोरच्या भिंतीवर इंचभर जाडीचा फोम चिकटवलाय. व्हिडिओत चेहरा झाकला जाऊ नये म्हणून माइक टेबलावर मॉनिटरच्या बाजूला ठेवतो. एवढं करूनही आवाज रिकाम्या टाकीत बसून बोलल्यासारखा येतो. माइक सदोष असेल का?

माइक बिचारा त्याला जे ऐकू येतं ते इमानाने सांगतोय. तुम्ही अंतर लिहिलेलं नाही, पण मॉनिटरच्या बाजूला म्हणजे तीन-चार विती असणारच. पहिली गडबड तिथे आहे.

तुमचा आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी जातो. एक वाट सरळ. दुसरी भिंत, छत, फरशी, खिडकीची काच यांच्यावर आपटत येणारी. सरळ वाटेचा आवाज अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबलने उतरतो. एका वितीवरून चार वितींवर गेलात की १२ डेसिबल गेले. खोलीत घुमणारा आवाज मात्र माइक इथे ठेवा नाहीतर तिथे, जवळपास तेवढाच राहतो. मग लेव्हल कमी दिसते म्हणून तुम्ही गेन, म्हणजे माइकचा संकेत मोठा करणारं बटण, वाढवता, आणि तुमच्याबरोबर खोलीलाही १२ डेसिबलने वर उचलता. टाकी तुम्हीच बांधली आहे.

खोटं वाटत असेल तर आज रात्री हे करून बघा. एकच वाक्य एका वितीवरून, दोन वितींवरून आणि चार वितींवरून रेकॉर्ड करा. मग तिन्ही तुकडे संगणकात सारख्या मोठेपणावर आणून एकामागोमाग एक ऐका. सारखे करायला विसरू नका, नाहीतर कानाला जो मोठा तोच चांगला वाटतो. पहिल्या तुकड्यात माणूस ऐकू येईल, तिसऱ्यात माणूस आणि त्याची खोली.

आता फोम. १०० हर्ट्झच्या ध्वनिलाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. इंचभर फोमला ती लाट मोजतसुद्धा नाही. तेवढा फोम खातो ती वरची सळसळ, टाळ्यांचा चरचरीतपणा, ‘स’ आणि ‘श’ची धार. खालचा आणि मधला घुमारा आहे तिथेच राहतो. म्हणून पातळ फोम लावलेल्या खोल्या विचित्र वाटतात, एकाच वेळी मंदही आणि घुमणाऱ्याही. अंड्यांचे ट्रे लावणाऱ्यांचीही पत्रं आहेत. त्यांनी ते काढून टाकावेत, आवाजाला त्यांचा जेमतेम उपयोग आहे आणि आग लागली तर ते चटकन पेटतात.

आणि फोम लावलाय कुठे? माइकच्या पाठीमागे. तुमचा माइक बहुतेक कार्डिऑइड असणार, म्हणजे समोरचं नीट ऐकणारा आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकणारा. त्याच्या बहिऱ्या बाजूला तुम्ही गादी घातली. त्याच्या समोर कोण आहे? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची उघडी भिंत. ती भिंत तो तुमच्या खांद्यावरून ऐकत बसलाय. ढाल अगदी वाया गेली असं म्हणणार नाही, तुमचा आवाज माइकला ओलांडून पुढच्या भिंतीवर जातो त्यातला थोडा ती अडवते. पण एकाच ठिकाणी काही टांगायची सोय असेल तर ते स्वतःच्या पाठीमागे टांगा. दोन जाड रजया, भिंतीला न चिकटवता वीतभर पुढे. मधली हवाही कामाला येते, तेवढीच रजई जरा खालच्या सुरांपर्यंत पोचते. कपड्यांनी ठासून भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसलात तरी चालेल. माझी कितीतरी कामं अशा कपाटांच्या साक्षीने झाली आहेत.

टेबलाचं तर तुम्ही नावही काढलं नाही, आणि माझा संशय त्याच्यावर जास्त आहे. समजा तुमचं तोंड आणि माइक दोन्ही टेबलापासून ३० सेंटिमीटर वर आहेत आणि एकमेकांपासून ४० सेंटिमीटर. सरळ आवाज ४० सेंटिमीटर चालतो. टेबलावर आपटून येणारा साधारण ७२. हा दुसरा सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि पहिल्यात मिसळतो. काही सुरांना तो साथ देतो, काही सुरांच्या नेमका विरुद्ध उभा राहतो. या मापांत पहिला खड्डा ५३० हर्ट्झच्या आसपास पडतो, पुढचा त्याच्या तिप्पटीवर, मग पाचपटीवर. माणसाच्या आवाजाचा गाभाच त्या पट्ट्यात. ‘टाकी’ म्हणतात ती ही. टेबलावर टॉवेल पसरून वरचे खड्डे थोडे भरतील, ५३० चा भरणार नाही. त्यापेक्षा खुर्ची मागे ओढा, तोंड आणि माइक यांच्यामधून टेबल हटू द्या, आणि माइक टेबलाऐवजी जमिनीवरच्या बूम स्टँडवर न्या. कॅमेऱ्यासाठी तो कपाळाच्या वर, चौकटीच्या जरा बाहेर, तोंडाकडे खाली वळवून लावा. वीत-दीड वीत अंतर सहज राखता येतं आणि चेहराही मोकळा राहतो.

खोलीत बसायची जागाही बदलून बघा. कोपऱ्यात सगळे खालचे सूर फुगतात. खोलीचा बरोबर मध्यही वाईट, तिथे काही सूर गायब आणि काही दुप्पट. जरा तिरकं, एका बाजूला सरकून बसा.

जाता जाता : “कंडेन्सर खोली जास्त ओढतो, डायनॅमिक घ्या म्हणजे घुमणार नाही” असं तुम्हाला कुणीतरी सांगणार आहे. डायनॅमिक माइक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा प्रकार, लोक ओठांना लावून वापरतात, म्हणून तो खोली कमी ऐकतो. त्यालाही चार वितींवर ठेवून बघा, तीच टाकी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. नातवंडांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करतो. ‘प’ आणि ‘भ’ आले की ऐकताना धप् धप् होतं. मुलाने पॉप फिल्टर आणून दिला, तो माइकच्या जाळीला टेकवून लावलाय. धप् थोडं कमी झालं, गेलं नाही. आवाज मात्र कधी भारदस्त येतो तर कधी एकदम पातळ. वयामुळे असेल का?

सर, वयाला यात ओढू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्णमाला तुम्हीच शिकवली असेल, तेव्हा प-वर्ग आठवा. ओठ मिटतात, मागे हवा दाबली जाते, ओठ उघडले की ती सुटते. प आणि ब यांत एवढंच. फ आणि भ महाप्राण, त्यांच्यात वर आणखी एक फुंकर. म म्हणतानाही ओठ मिटतात, पण हवा नाकाने निघून जाते, म्हणून ‘मामा’ कधी धपकत नाही आणि ‘भाऊ’ धपकतो. तळहात तोंडासमोर धरून “पोपट फडफडत भुर्रकन उडाला” म्हणा. हाताला जो वारा लागतो तोच माइकच्या पडद्याला लागतोय. पडद्याला वारा आणि आवाज यांत फरक कळत नाही.

फायद्याची गोष्ट ही, की आवाज चहूकडे पसरतो, वारा मात्र सरळ रेषेत जातो. तेव्हा माइक त्या रेषेतून बाजूला घ्या. तोंडाच्या एका कडेला तीन-चार बोटं सरकवा आणि तिथून तोंडाकडे वळवा. तुम्ही माइकच्या शेजारून पलीकडे बोलताय असं वाटलं पाहिजे. निम्मं काम इथेच होतं. पॉप फिल्टर जाळीला टेकवू नका. वाऱ्याचा झोत फिल्टरमधून गेला की विस्कटतो, पण विस्कटून शांत व्हायला त्याला पुढे जागा लागते. माइक आणि फिल्टर यांत चार बोटं, फिल्टर आणि ओठ यांत पुन्हा चार बोटं. एवढ्यावरही एखादा ‘भ’ सुटलाच, तर माइकवरचं किंवा इंटरफेसवरचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या खोक्यावरचं) लो-कट बटण दाबा. ते साधारण ८० हर्ट्झच्या खालचं कापतं आणि बोलण्यातलं काही जात नाही.

आता भारदस्त आणि पातळ. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या अगदी जवळ गेलं की खालचे सूर फुगतात. दोन बोटांवर रेडिओचा निवेदक, दोन वितींवर शेजारचा माणूस. तुम्ही गोष्टी सांगता म्हणजे रंगात येऊन पुढेमागे होत असणार, आणि पुस्तक मांडीवर असेल तर ओळीच्या शेवटी मान खाली जाते आणि आवाज पुस्तकात पडतो. पुस्तक डोळ्यांच्या उंचीवर स्टँडवर लावा. अंतर एक वीत. डोकं नेमकं कुठे होतं ते कळावं म्हणून मी निवेदकांना खुर्चीच्या पाठीला पाठ टेकवून बसवते. ते कुरकुर करतात. खुर्चीही करते, म्हणून ती आधी तपासा.

प्रश्न : नवीन यूएसबी माइक घेतला. गेन पूर्ण वर नेला तरी आवाज लांबून येतो, आणि कीबोर्डचा खडखडाट मात्र कानाशी. असं कसं?

संगणक तुमच्या नव्या माइकचं ऐकतच नसावा. रेकॉर्डिंग सुरू करा आणि माइकच्या जाळीवर नखाने हळूच खाजवा. खरखर मोठी आली नाही, तर तुम्ही लॅपटॉपच्या अंगच्या माइकवर रेकॉर्ड करताय, आणि तो कीबोर्डच्याच शेजारी राहतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इनपुट बदला. संगणकाच्या सेटिंगमध्ये बदललं म्हणजे सॉफ्टवेअरने ऐकलं असं नाही, दोन्हीकडे बघा. माइकची वायर सुटून पुन्हा लागली तरी काही सॉफ्टवेअर गुपचूप जुन्या माइकवर परततात.

खरखर नीट आली, तर मग तुम्ही माइकच्या चुकीच्या बाजूने बोलताय. काही माइक शेंड्याने ऐकतात, टॉर्चसारखे. काही कुशीने ऐकतात, म्हणजे उभे ठेवून त्यांच्या पोटाशी बोलायचं. दिसायला दोन्ही दंडगोलच, त्यामुळे लोक कुशीने ऐकणाऱ्या माइकचा शेंडा स्वतःकडे रोखून बसतात. समोरची बाजू बहुधा खुणेची किंवा कंपनीच्या नावाची असते. खात्री नसेल तर बोलत बोलत त्याच्याभोवती फिरा, हेडफोनमध्ये कळेल.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका निवेदकाचं चाळीस मिनिटांचं वाचन मी माइक उलटा लावून घेतलं. स्टँडचा स्क्रू सैल होता, माइक गरकन फिरला आणि मी काटा हलतोय एवढंच बघत राहिले. रात्री ऐकलं तर निवेदक दूर कुठेतरी, आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक अशी स्वच्छ, गोल, सुंदर, की आजवर मी घड्याळाचं इतकं छान रेकॉर्डिंग केलेलं नाही. निवेदकाने दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा वाचलं, एक शब्दही न बोलता. ते न बोलणं अजून आठवतं.

प्रश्न : रेडिओवाल्यांच्या तोंडासमोर दिसतो तसला डायनॅमिक माइक घेतला. आवाज फारच हळू, म्हणून गेन टोकाला नेतो, तर मागे सूऽऽ असा आवाज. लेव्हल लाल पट्ट्याच्या अगदी जवळ असावी असं वाचलं होतं, तिथपर्यंत ती जातच नाही.

तुमच्या प्रश्नात एक खरी अडचण आहे आणि एक जुनी अंधश्रद्धा.

अडचण अशी, की असले माइक फार बारीक विद्युतसंकेत देतात. तेवढ्याच आवाजाला कंडेन्सर माइक जेवढा संकेत देईल त्यापेक्षा वीस-पंचवीस डेसिबलने कमी. त्यांना ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि छोट्या इंटरफेसांची ताकद तिथेच संपते. शेवटच्या टोकाला त्यांचा स्वतःचा फुसफुसाट वर येतो. आधी जवळ जा. हे माइक चार बोटांवरून बोलण्यासाठीच केलेले असतात; चित्रात निवेदकाचे ओठ जाळीला लागलेले दिसतात ते हौसेने नाही. दोन वितींवरून अर्ध्या वितीवर आलात की १२ डेसिबल फुकट मिळाले.

अंधश्रद्धा लाल पट्ट्याची. टेपच्या काळात लेव्हल वर ठेवणं गरजेचं होतं, कारण खाली टेपची स्वतःची सळसळ होती. पुढे १६ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्येही लोक तसेच घाबरून राहिले. २४ बिटमध्ये कागदावर १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो, कुठल्याही घरातल्या शांततेपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा नेहमीचं बोलणं मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे वरचं टोक) खेळू द्या आणि मोठ्यात मोठा शब्द उणे १० ते १२ पर्यंत जाऊ द्या. नंतर वाढवता येतं. शून्याला आदळून चिरलेला आवाज पूर्ववत होत नाही. आणि लेव्हल लावताना “हॅलो, एक, दोन, तीन” म्हणू नका. त्या आवाजात कुणी बोलत नाही. मजकुरातला सगळ्यात चढा परिच्छेद पूर्ण जोशात वाचा.

तो सूऽऽ इंटरफेसचा की खोलीचा, हे कळायला माइक रजईत गुंडाळून कपाटात ठेवा, दार लावा, गेनला हात न लावता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. सूऽऽ कमी झाला, तर तो पंख्याचा किंवा फ्रिजचा होता. मग इंटरफेसला बोल लावू नका.

प्रश्न : एका ओळखीच्यांनी जुना रिबन माइक दिलाय. ४८ व्होल्टचं बटण चुकून दाबलं तर तो जळेल असं सगळे घाबरवतात. खरं आहे का? आणि ४८ च का?

अर्धं खरं. ४८ व्होल्टचं बटण चालू करतं ती फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी वीज, केबलच्या दोन्ही संकेत-तारांवर सारखाच दाब ठेवते. दोन्हीकडे सारखा दाब म्हणजे रिबनमधून प्रवाह वाहत नाही, आणि धड केबलने जोडलेला रिबन किंवा डायनॅमिक माइक सहसा सुखरूप राहतो. घात होतो तो केबलमधली एक तार तुटलेली किंवा चुकीची जोडलेली असली, अथवा बटण चालू असतानाच वायर खुपसली-काढली तर. एक पिन आधी टेकते, दुसरी नंतर, तेवढ्यात झटका बसतो आणि रिबन म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ अॅल्युमिनियमची पट्टी. म्हणून जुन्या माइकसाठी बटण बंद, केबल तपासलेली, आणि ज्या खोक्यावर शंका आहे त्याला तो जोडायचाच नाही. त्याच्यात फुंकूही नका. ‘चालू आहे का बघू’ म्हणून मारलेल्या फुंकरीने फाटलेला रिबन मी पाहिलाय.

कंडेन्सरवाल्यांची चूक याच्या उलट. बटण दाबायचं राहतं आणि माइक मेला म्हणून परत पाठवतात. तसंच काढताना आधी गेन खाली, मग बटण बंद, अर्धा मिनिट थांबायचं, मग वायर.

४८ ची गोष्ट मला फार आवडते. १९६६ मध्ये नॉयमन कंपनीचे लोक ट्रान्झिस्टरवर चालणारा नवा माइक घेऊन नॉर्वेच्या सरकारी रेडिओकडे गेले. रेडिओला माइकच्या केबलमधूनच वीज द्यायची होती. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीपासून होती, तीच वापरायचं ठरलं. आज जगभरच्या इंटरफेसांवर जे बटण आहे, त्याच्या आकड्यामागे वीज गेल्यावर लागणारे दिवे आहेत.

प्रश्न : मी कॉलेजात आहे, गिटार वाजवत गाते. एक माइक तोंडापाशी, एक गिटारपाशी. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले की छान वाटतात. एकत्र लावले की माझा आवाज पोकळ होतो, नाकातून गायल्यासारखा. तुम्हीच सांगा ताई, नेमकं काय चुकतंय?

तू पत्रात अंतरं लिहिलीस, शाबास. तोंडाचा माइक एक वीत, आणि गिटारचा माइक तोंडापासून अंदाजे तीन विती. म्हणजे तुझा गळा दोन्ही माइकांना ऐकू येतोय, दुसऱ्याला दोन विती उशिरा. मघाशी टेबलाची गोष्ट सांगितली तीच ही. त्या फरकाने पहिला खड्डा ४०० हर्ट्झच्या आसपास पडेल. एकटा ट्रॅक ऐकताना तुलनेला दुसरा नसतो, म्हणून सगळं गोड.

जुना नियम असा, की माइक त्याच्या वाद्यापासून जितका दूर, त्याच्या तिप्पट तरी दोन माइकांमधलं अंतर असावं. मग गळती साडेनऊ डेसिबलने खाली राहते आणि खड्डे उथळ होतात. पण एकाच माणसाच्या मांडीवर गिटार आणि वर तोंड असताना तिप्पट आणायचं कुठून? म्हणून नियमापेक्षा माइकांच्या पाठी वापर. कार्डिऑइड पाठीमागे जवळजवळ बहिरा असतो. तोंडाचा माइक हनुवटीच्या खालच्या उंचीवरून वर तोंडाकडे रोख, म्हणजे त्याची पाठ गिटारकडे जाईल. गिटारचा माइक वरून खाली झुकव, बाराव्या पडदीच्या आसपास नजर ठेवून, म्हणजे त्याची पाठ तुझ्या तोंडाकडे. गिटारच्या भोकासमोर नको लावूस, तिथे नुसता भप्पारा असतो. तुझ्या माइकवर इंग्रजी आठसारखी खूण असेल तर आणखी मजा. तो पुढून-मागून ऐकतो आणि दोन्ही कुशींना ठार बहिरा असतो. ती कूस तोंडाकडे कर.

यानंतर दोन्ही ट्रॅक एकाच स्पीकरवर, मोनोत ऐक आणि एका ट्रॅकचं पोलॅरिटीचं, म्हणजे ध्वनिलाट उलटी करणारं, बटण दाबून बघ. ज्या बाजूला आवाज भरीव वाटेल ती ठेव. त्याने उशीर भरून निघत नाही, पण दोन वाईटांतलं कमी वाईट हाती लागतं.

आणि खरं सांगू? आधी एकाच माइकवर करून बघ. दीड-दोन विती समोर, छातीच्या उंचीला. गळा जास्त हवा असेल तर माइक जरा वर, गिटार जास्त हवी तर जरा खाली. नंतर तोल बदलता येत नाही म्हणून लोक याला घाबरतात. तुझ्यासारख्या एकटीने गाणाऱ्या मुलीला तोल गातानाच ठरवायची सवय लागली तर माझी हरकत नाही.

प्रश्न : हेडफोनमध्ये माझाच आवाज दोनदा येतो, बोलायलाच अडखळतो.

दोन वाटा उघड्या आहेत. एक इंटरफेसच्या आतली, लगेच पोचणारी. दुसरी संगणकात जाऊन परत येणारी. संगणक आवाज तुकड्यातुकड्याने साठवून पुढे पाठवतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद उशीर, तेही एका फेरीतल्या एका टप्प्याला. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, इंटरफेसवरचं डायरेक्ट चालू ठेवा. बास.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये बारीक गुंईऽ असा आवाज आहे. केबल बदलली, माइक बदलला, खोली बदलली.

लॅपटॉपचा चार्जर बदलला का? तो भिंतीतून काढा आणि बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करा. गेला तर गुन्हेगार सापडला. रेकॉर्डिंगपुरता तो काढूनच ठेवा. नाही गेला, तर डिमरच्या बटणाने मंद केलेला दिवा शोधा, आणि माइकची केबल विजेच्या वायरींबरोबर एकाच गुंडाळीत बांधली असेल तर सोडवा. ओलांडावी लागलीच तर काटकोनात ओलांडा.

प्रश्न : माझ्या गाण्याच्या ट्रॅकमध्ये हेडफोनमधल्या मेट्रोनोमची, म्हणजे लय धरायला लावलेल्या ठोक्यांची, टिकटिक उतरते. हेडफोन बंद कपाचे आहेत, आवाजही फार नाही. फक्त शांत ओळींत ऐकू येते. कुठून येते?

तुम्ही एक कान मोकळा ठेवून गाता का? पुष्कळ गायक ठेवतात, सूर नीट लागतो म्हणून. मग तो सुटलेला कप गालावर किंवा कानामागे उघडा पडतो आणि माइकपासून वीतभर अंतरावर बसून टिकटिक करत राहतो. शांत ओळींत गाणं खाली जातं, टिकटिक तेवढीच राहते. सुटलेला कप कानामागे डोक्याला घट्ट दाबून बसवा, किंवा इंटरफेसच्या मिक्सरमध्ये त्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करा आणि सगळं उरलेल्या कानात आणा. मेट्रोनोमचा सूरही बदला. टोकदार क्लिकऐवजी बोथट लाकडी ठोका घ्या, तो कमी झिरपतो. आणि शेवटची ओळ लांबवून गाणार असाल तर तिथे पोचायच्या आधीच मेट्रोनोम बंद होईल असं लावून ठेवा, कारण स्वर विरताना त्याच्या शेपटीत एक टिक राहिली, तर ती कापायला जागाच उरत नाही.